लिंबाभोवतीचं कडं

फ्रेहा सुइसाने एकोणतीस वर्षं कारखान्यात ठिबकच्या नळ्या तपासल्या आणि तेवढीच वर्षं घरच्या अंगणाला रबरी पाइपने पाणी घातलं.

गावात हा विनोद आता इतका जुना झाला होता, की कुणी सांगायला लागलं तर ती स्वतःच तो पुरा करून टाकायची. कारखान्यात चौथ्या लाइनच्या टोकाला तिची जागा. यंत्रातून निघालेली तपकिरी नळी गार पाण्याच्या हौदातून सरसरत यायची, तिच्या हातांखालून जायची आणि पुढे चाकावर गुंडाळली जायची. नळीच्या पोटात ठरावीक अंतरावर ड्रिपर बसवलेला असतो, त्याचा उंचवटा अंगठ्याला लागतो. तीस सेंटिमीटरच्या जागी एकतीसवर लागला तर यंत्राचा दिवा लागायच्या आधी फ्रेहाचा अंगठा थांबायचा. देशोदेशीचे पाहुणे कारखाना बघायला यायचे तेव्हा मॅनेजर त्यांना फ्रेहासमोर उभं करायचा आणि तिचा अंगठा दाखवायचा.

घरी मात्र सकाळी साडेपाचला एका हातात कॉफीचा पेला, दुसऱ्या हातात रबरी पाइप. लिंबू, डाळिंब, अंजीर, जैतून आणि स्वयंपाकघराच्या भिंतीलगत चहासाठी पुदिन्याचा वाफा. प्रत्येकासमोर थांबायचं, पानं उलटून बघायची, कुणाला कीड लागली असेल तर त्यालाच दोन शब्द सुनवायचे.

"अगं, तुझ्या घरी ठिबक नाही?" लोक विचारायचे.

"ज्यांना आपल्या झाडांचं तोंड बघायचं नसतं त्यांच्यासाठी असतं ते," ती म्हणायची. "मला बघायचं असतं."

पण गेल्या दोन वर्षांत उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला होता. पाइप ओढत अंगणाच्या वरच्या टोकापासून खालच्या फाटकापर्यंत जायचं तर वाटेत तीनदा बसायला लागायचं. गुडघा बदलायच्या ऑपरेशनसाठी चौदा महिने थांबल्यावर हॉस्पिटलने तारीख दिली ती ज्यू पंचांगातल्या, शरदात सुरू होणाऱ्या नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यातली. त्यानंतर सात आठवडे मुलीकडे, नेतान्याला, चौथ्या मजल्यावर.

आणि नवं वर्ष होतं सातवं. दर सात वर्षांनी येणारं, जमिनीच्या विश्रांतीचं.

फ्रेहा काही फार सोवळ्यातली नव्हती. शनिवारी, विसाव्याच्या दिवशी, टीव्ही लावत नसे, पण शेजारच्या घरात लावलेला ऐकू आला तर खिडकीही लावत नसे. तरी सातवं वर्ष तिने आजवर चुकवलं नव्हतं. तिच्या आईने मोरोक्कोतल्या डोंगरातून येताना जे थोडं आणलं त्यात हे होतं: सातव्या वर्षी मातीत कुदळ घालायची नाही, काही लावायचं नाही, काही नवं मांडायचं नाही. आहे ते मरू नये एवढं पाणी तेवढं द्यायचं. ते वर्ष सोमवारी संध्याकाळी दिवा लावला की सुरू होणार होतं.

म्हणजे सात आठवडे अंगणाला पाणी कोण घालणार, हा प्रश्न सोमवारच्या सूर्यास्ताच्या आत सुटायला हवा होता.

"मी आहे ना!" शेजारची लुडा कुंपणावरून म्हणाली.

लुडा पियानो शिकवायची. तीस वर्षांपूर्वी उरालच्या थंडीतून ती थेट या वाळवंटाच्या काठाला येऊन पडली आणि पहिल्या उन्हाळ्यापासून फ्रेहाच्या कुंपणाला टेकून उभी होती. मनाने सोन्यासारखी. पण तीन वर्षांपूर्वी मुलीच्या, ओस्नातच्या बाळंतपणाला फ्रेहा बारा दिवस गेली होती, तेव्हा लुडाने अंगणाला मन लावून पाणी घातलं होतं, सकाळ-संध्याकाळ. फ्रेहा परत आली तेव्हा जर्दाळूची पानं पिवळी पडली होती. महिन्याभरात झाड वाळलं.

"तू नको," फ्रेहा म्हणाली.

"अजून ते जर्दाळूच? फ्रेहोच्का, ते आजारीच होतं. मी तेव्हाही सांगितलं, मातीत रोग होता." लुडा लाडाने तिच्या नावाला रशियन शेपूट लावायची.

"असेल. म्हणून तर मी त्या जागी पुन्हा काही लावलं नाही. पण लिंबाच्या वाटेला तू जायचं नाहीस."

लिंबू तीस वर्षांचं होतं. त्याची लिंबं मिठात मुरवून फ्रेहा दर हिवाळ्यात बावीस घरी बरण्या पाठवायची. बावीस घरच्या बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या की ती बरणी त्यांनी स्वतः घातली. हे झाड गेलं तर सातव्या वर्षात दुसरं लावता येणार नाही. पुढच्या शरदात लावलं तरी पहिली तीन वर्षं नव्या झाडाचं फळ खायचं नाही, तेही आईनेच आणलेलं. फ्रेहा एकोणसत्तर वर्षांची होती. तिने बोटांवर हिशेब केला होता आणि तो तिला पसंत नव्हता.

ओस्नातने फोनवर वेगळाच तोडगा काढला. "आई, सरळ प्लास्टिकचं गवत टाक. आमच्या बिल्डिंगखाली टाकलंय, वर्षभर हिरवंगार. दोन कुंड्या ठेव. नव्या वर्षाच्या सणाला येताना मी नमुना घेऊन येते."

"आण," फ्रेहा म्हणाली. "पाय पुसायला होईल."

शुक्रवारी सकाळी ती आमनोनच्या दुकानात गेली. बी-बियाणं, खतं, नळ्या आणि कोंबड्यांचं खाद्य असं सगळं विकणारं गावातलं ते एकच दुकान. आमनोन पन्नाशीचा, पोट काउंटरला टेकवून उभा राहणारा. फ्रेहाला बघून त्याने दोन्ही हात पसरले. गिऱ्हाईक कुणीही असो, त्याच्या तोंडी लाडाचं 'कपारा' असायचंच.

"कपारा! तू इथे? रबरी पाइप फुटला?"

"ठिबक हवंय."

कोंबडीचं खाद्य मोजून घेणारा म्हातारा मागे वळून बघायला लागला.

"ठिबक," आमनोन म्हणाला. "तुला. बरं. माझ्याकडे एक मस्त सेट आहे, कपारा. फोनवरून चालतो. तू नेतान्यात बसून बटण दाबलंस की इथे पाणी सुरू."

"आणि नातवाने दाबलं तर?"

"त्याला कुलूप असतं."

"माझ्या फोनचं कुलूप माझ्या नातवालाच उघडता येतं. मला साधा टायमर दे. बॅटरीचा, चकती फिरवून वेळ लावायचा. आणि नळी दाखव."

आमनोनने खालच्या फळीवरून काळ्या नळीचं भेंडोळं काढलं. फ्रेहाने दोन बोटांत दाबून बघितलं आणि सोडून दिलं.

"ही पट्टी आहे. कलिंगडाच्या शेतात एक हंगाम टाकतात आणि काढून फेकतात. पुढचं."

त्याने दुसरं भेंडोळं आणलं. फ्रेहाने पर्समधून सफरचंद सोलायचा चाकू काढला.

"ए ए, विकत घेतल्याशिवाय कापायचं नाही!"

"कापल्याशिवाय मी विकत घेत नाही." तिने टोकाचा वीतभर तुकडा उभा चिरला, आतला ड्रिपर नखाने उचलला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "यात रबराचा पडदा कुठाय?"

"पडदा कशाला हवाय? घरचं अंगण तर आहे."

"माझं अंगण उतरतं. लिंबू वर, डाळिंब खाली फाटकाजवळ. पडदा नसला की वरच्याला कमी आणि खालच्याला जास्त. आणि नळ बंद केला की नळीत राहिलेलं सगळं पाणी उतरून डाळिंबाच्या पायाशी. रोज. सात आठवडे. म्हणजे लुडाला ठेवल्यासारखंच झालं."

कोंबडीवाला म्हातारा हसला. आमनोन आत गेला आणि बराच वेळ भेंडोळी आपटत राहिला. बाहेर आला तो जांभळी नळी घेऊन.

"ही बघ. पडदा आहे, जाड आहे, तुझ्याच कारखान्याची आहे. निम्म्या किमतीत देतो. नगरपालिकेच्या बागेसाठी मागवली होती, त्यांनी नेली नाही."

फ्रेहाने नळी हातात घेतली आणि तिचा अंगठा आपोआप चालायला लागला. माल चांगला होता. मग तिने ती काउंटरवर ठेवली.

"जांभळी म्हणजे सांडपाण्याची. यातलं पाणी पिऊ नका असा त्याचा अर्थ."

"पाण्याला रंग कळतो का, कपारा?"

"माणसांना कळतो. माझी नातवंडं घरच्या अंगणात जांभळी नळी बघून शिकणार की यातलं पाणी चालतं. मग उद्या बागेतल्या नळीला तोंड लावतील. मला तपकिरीच हवी. सोळा मिलिमीटर, पडद्याची, तीस सेंटिमीटरवर ड्रिपर, तासाला एक पूर्णांक सहा लिटर."

"सगळे दोन पूर्णांक तीनची नेतात."

"सगळ्यांच्या अंगणातून पाणी रस्त्यावर येतं, बघितलं नाहीस? आपली माती पिठासारखी. भराभर पाणी पडलं की वर साय धरते आणि बाकीचं पळून जातं. तिला हळू पाजायला लागतं. लहान मूल आहे ती."

आमनोनने फोन उचलला, शेजारच्या गावातल्या मेव्हण्याशी पाच मिनिटं भांडला आणि म्हणाला, "रविवारी दुपारी येईल. किती मीटर?"

फ्रेहाने अंगण पावलांनी मोजून आणलं होतं. "चाळीस. फिल्टर आणि दाब कमी करायची तोटी वेगळी. आणि आमनोन—"

"हं?"

"मेव्हण्याने दुसरी नळी पाठवली तर ती मी इथेच चिरणार, पूर्ण चाळीस मीटर."

रविवारी नळी आली. फ्रेहाने टोक चिरून बघितलं, आतल्या ड्रिपरवरचा छाप ओळखला आणि पैसे मोजले. आमनोनने कपाळावरचा घाम पुसला.

सोमवारी पहाटे ती कामाला बसली, म्हणजे अगदी खरोखर बसली. वाकता येत नव्हतं म्हणून स्वयंपाकघरातलं बुटकं प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं. ते चार हात पुढे सरकवायचं, नळी अंथरायची, वाकड्या तारेचा आकडा मातीत ठोकायचा, पुन्हा स्टूल पुढे. लुडा न बोलावता आली आणि भेंडोळं धरून उभी राहिली.

"पियानोची तार अशी सोडत गेले असते तर—" ती म्हणाली.

"बोलू नकोस. पीळ पडतोय."

नळाला टायमर बसला, फिल्टर बसला. अंजिराला कडं पडलं, डाळिंबाला पडलं. दोन्ही झाडं पाच-सहा वर्षांची, लहान, त्यांची कडी लहानच. जैतुनाला एक फेरा. पुदिन्याच्या वाफ्यात चार-चार मीटरच्या दोन ओळी. शेवटी लिंबू. तिथे फ्रेहाने खोडापासून वीतभर अंतरावर नेटकं गोल कडं टाकलं, टोक दुमडून बंद केलं आणि कंबरेवर हात ठेवून बघितलं. कारखान्याच्या फाटकाशी पाहुण्यांना दाखवायला एक रोप लावलेलं असायचं, त्याच्याभोवती असंच कडं होतं. एकोणतीस वर्षं रोज सकाळी बसमधून उतरली की तिला ते दिसायचं. सुबक, बांगडीसारखं.

एक वाजला होता. आमनोनचं दुकान सणासाठी बंद झालं होतं. घरात नव्या वर्षाच्या ताटासाठी आणलेलं माशाचं डोकं अजून फ्रिजमध्ये होतं, खजूर आणि भोपळा तसाच पडला होता, पण सूर्यास्ताला साडेपाच तास होते. फ्रेहाने नळ उघडला.

नळी आधी फुसफुसली, मग तट्ट झाली, मग वरपासून खालपर्यंत थेंब दिसायला लागले. फ्रेहाने फाटकाजवळच्या ड्रिपरखाली आणि लिंबाच्या ड्रिपरखाली एकेक पेला ठेवला आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी दोन्ही पेले शेजारी ठेवले. पाणी एकाच रेषेवर होतं.

"बघितलंस?" ती म्हणाली.

लुडा पेल्यांकडे बघत नव्हती. ती लिंबाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता, काहीतरी फोडून ठेवलेल्या.

"फ्रेहोच्का, हे कडं तिथे नको."

"तुला काय कळतं ठिबकमधलं?"

"ठिबकमधलं काही कळत नाही. तू त्याच्या घोट्यावर पाणी घालतेयस. पाणी पिणारी मुळं, त्याचं तोंड, तिकडे आहे." तिने बोट दाखवलं. लिंबाच्या सावलीची कड खोडापासून चांगली दोन मोठी पावलं लांब, पुदिन्याच्या वाफ्यापाशी पोचली होती.

"कारखान्यात असंच—"

"कारखान्यात रोप होतं. मी सहलीला नेलेल्या मुलांबरोबर बघितलंय ना. हे म्हातारं झाड आहे." लुडाने ओठ चावले. "जर्दाळूला मी तिथेच पाणी घालायचे. खोडाला टेकवून पाइप ठेवायचे आणि आत जाऊन धडा घ्यायचे. तासभर. कधी दीड तास."

फ्रेहाने वळून जर्दाळूच्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"तो वाळलेला बुंधा काढायला तू बोलावलेला माणूस आला तेव्हा तू दवाखान्यात होतीस. मी उभी होते. त्याने उपटला. खाली मुळं चांगली होती, पांढरी. फक्त मानेपाशी काळा चिखल झाला होता. कुजलेला. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, हे बुडवलंय कुणीतरी. मी त्याला वीस शेकेल जास्त दिले आणि तुला सांगितलं, रोग होता."

फ्रेहा स्टुलावर बसली. तीन वर्षं ती जागा मोकळी होती. तिथे माती बदलायची का, औषध टाकायचं का, असं तिने अर्ध्या गावाला विचारलं होतं.

"रोग नव्हता?"

"नव्हता. मी होते."

"तीन वर्षं तू रोज या कुंपणाला टेकून माझी कॉफी प्यायलीस."

"हो."

"आणि आज सांगतेस. सणाच्या दिवशी. दुकान बंद झाल्यावर."

"आज तू तेच करत होतीस म्हणून सांगितलं," लुडा म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत, तसेच ठेवले. "नाहीतर बहुतेक मरेपर्यंत सांगितलं नसतं."

फ्रेहाने तिच्याकडे बघितलं, मग सावलीच्या कडेकडे, मग आपल्या सुबक बांगडीकडे. रागवायचं तर होतं, पण रागवायला पुढचं वर्षभर मोकळं होतं. मातीत हात घालायला फक्त पाच तास.

"दोन पावलांवरून कडं न्यायचं तर किती नळी लागेल?" ती म्हणाली.

लुडाने झाडाभोवती पावलं टाकली. "दहा मीटर."

"इथे दोन आहे. आठ हवी."

दोघींनी एकदमच पुदिन्याकडे बघितलं.

"नाही," लुडा म्हणाली. "तुझा चहा?"

"जैतुनाची काढली तर तीन मीटर. पुरत नाही. अंजीर-डाळिंबाला हात लावायचा नाही. पुदिन्याच्या दोन्ही ओळी मिळून आठ." फ्रेहाने सफरचंदाचा चाकू काढला. "स्वयंपाकघरातली मोठी भांडी आण. खिडकीतल्या कुंड्यापण आण. पुदिना उपटायचा आणि तू घेऊन जायचा. घराच्या आत, कुंडीत. तिथे त्याला सातवं वर्ष लागत नाही."

"मी? मी मारून टाकीन त्याला!"

"पुदिन्याला कुणी मारू शकत नाही. प्रयत्न करून बघ."

तीन वाजता ओस्नातची गाडी फाटकाशी थांबली. ओस्नात, तिचा नवरा, दोन मुलं, मागच्या सीटवर केक, आणि काखेत चटईएवढा हिरव्यागार प्लास्टिकच्या गवताचा तुकडा. तिची आई लिंबाखाली स्टुलावर चिखलाने माखून बसली होती आणि शेजारची पियानो शिकवणारी बाई रांगत होती.

"आई! माशाचं डोकं अजून फ्रिजमध्येच आहे?"

"तिथून पळून जाणार नाही ते. काय आणलंस, दाखव."

ओस्नातने तुकडा उलगडला. "हात लावून बघ किती मऊ आहे. पाणी नको, काही नको. आणि तुला पुन्हा वाकायला नको, आई. मला तिथे झोप लागत नाही तू इथे पडलीबिडलीस तर या विचाराने."

फ्रेहाने गवतावरून तळहात फिरवला. मऊ होतं खरं. मुलीचा आवाज शेवटी जरा कापला, तेही तिच्या कानांनी टिपलं.

"छान आहे," ती म्हणाली. "लुडा, गुडघ्याखाली घे."

लुडाने तो तुकडा घेतला, दुमडला, त्यावर गुडघे टेकले आणि समाधानाने सुस्कारा सोडला. ओस्नात बघतच राहिली. मग तिने बूट काढले, नवऱ्याला भोपळा चिरायला आत पाठवलं आणि स्वतः नळीचं दुसरं टोक धरलं.

पुदिन्याच्या दोन नळ्या लिंबाच्या दोन मीटरला जोडून सलग दहा झाल्या. सावलीच्या कडेकडेने त्यांचं कडं पडलं. गोल मात्र नव्हतं. कुंपणाकडे ते चेपलेलं होतं आणि जोडाच्या ठिकाणी टेंगूळ आलं होतं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत फ्रेहाने इतकं वाईट काम कधी हातातून जाऊ दिलं नसतं. तिने शेवटचा आकडा ठोकला, नळ उघडला आणि एकेका ड्रिपरखाली तर्जनी धरत फिरली. तेहतीस होते. तेहतीसही वेळा बोट ओलं झालं.

हात धुऊन ती आत आली आणि तिने दिवा लावला तेव्हा बाहेर अजून पुरतं मावळायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. नेतान्याच्या चौथ्या मजल्यावर फ्रेहा वॉकर धरून खोलीभर चालायची आणि लुडाच्या फोनची वाट बघायची. लुडाला एकच हुकूम होता: अंगणात जायचं, बघायचं, कशालाही हात लावायचा नाही. तो तिला फार जड गेला.

तिसऱ्या आठवड्यात वाळवंटातून गरम वारा सुटला. चार दिवस आकाश पिवळं होतं. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला.

"फ्रेहोच्का, लिंबाची पानं मिटली! सगळी! होडीसारखी झालीत. मी रबरी पाइप आणते, फक्त पाच मिनिटं—"

ओस्नात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. इथून चौथ्या मजल्यावरून तिला झाडाचं तोंड दिसत नव्हतं. तिला जर्दाळूची ती पिवळी पानं आठवली, आणि मोजली तर तीच बोटांवरची वर्षं पुन्हा येत होती.

"पाइपला हात लावू नकोस," ती म्हणाली. "टायमर चालला का सकाळी?"

"चालला. मी ऐकला."

"आता कड्याशी जा. जोडाच्या टेंगळापासून तिसरा ड्रिपर. त्याच्याखाली मातीत बोट घाल. दुसऱ्या पेरापर्यंत. रडू नकोस, घाल."

बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा ऐकू आला.

"ओलं आहे," लुडा म्हणाली. "आणि थंड."

"मग ठीक आहे. या उन्हात मीही खिडकीचा पडदा ओढते. झाडानेही ओढलाय. संध्याकाळी उघडेल. तू घरी जा आणि पियानो वाजव."

"आणि नाही उघडला तर?"

"उघडेल," फ्रेहा म्हणाली. फोन ठेवून ती वॉकर धरून खोलीत फेऱ्या मारायला लागली. ओस्नातने लिंबाचं सरबत करून आणून दिलं. दुकानातल्या लिंबाचं. फ्रेहाने एक घोट घेतला आणि पेला ठेवून दिला.

सात वाजता लुडाने फोटो पाठवला. अंधुक होता, तिच्या बोटाने अर्धा झाकलेला, पण पानं सपाट होती.

नोव्हेंबरच्या शेवटी ओस्नात आईला घेऊन आली. फ्रेहा एका काठीवर फाटकापासून वरपर्यंत चालत गेली, न बसता. डाळिंबाला थांबली, अंजिराला थांबली. जैतुनाला तिने नुसती मान हलवली. तो तसाच होता, पाणी असो नसो. लिंबू वरच्या टोकाला उभं होतं आणि त्याच्या फांद्या पिवळ्या व्हायला लागलेल्या लिंबांनी खाली आल्या होत्या. तिने खोडाला हात लावला, मग खोडापासून दोन पावलं मागे सरकून काठीने ते वेडंवाकडं कडं ठोकून बघितलं.

"यंदा किती बरण्या?" कुंपणापलीकडून लुडाने विचारलं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुदिना बाहेर डोकावत होता. दोन कुंड्यांच्या सहा कुंड्या झाल्या होत्या.

"तेवीस," फ्रेहा म्हणाली. "एक तुझी. तिच्यावर मी चिठ्ठी लावणार आहे, की ही तू घातलेली नाहीस."

"लाव. आणि कॉफी?"

"ये. पण आज पुदिन्याचा चहा करणार आहे. जरा खुडून आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत आमनोनच्या दुकानात गेली. आमनोनने लांबूनच हात वर केले.

"कपारा! गुडघा नवा, तू जुनीच. काय हवंय?"

"तीच तपकिरी नळी. तीन मीटर."

"फुटली कुठे?"

"नाही. एक झाड लावायचंय."

"यंदा? सातव्या वर्षात?" आमनोनने कपाळाला आठ्या घातल्या. "तू?"

"यंदा नाही. पुढच्या शरदात. जर्दाळू. तोवर ही नळी खुंटीवर टांगून ठेवीन."

आमनोन काउंटरवर रेलला. त्याला हिशेब करता येत होता आणि तो त्याच्या चेहऱ्यावर उमटला: पुढचं वर्ष, मग तीन वर्षं फळ न खाण्याची. "म्हणजे त्याचं फळ तू खाणार—"

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी," फ्रेहा म्हणाली. "म्हणून जाड भिंतीची दे. टिकली पाहिजे."

तो आत जाऊन भेंडोळं घेऊन आला. तीन मीटर मोजून त्याने कात्री लावली आणि तुकडा तिच्यापुढे धरला. फ्रेहाने पर्स उघडली, चाकू काढला आणि अंगठा नळीवर ठेवला.